कितवी क्रेऊसा

वहिनी, तू गेलीस त्या सकाळी माझ्या मरणाचा फोन मीच उचलला.

वर्ध्याहून प्रमिला होती, आपली मावसबहीण. मी हॅलो म्हणायच्या आत तिनं रडायला सुरुवात केली. "अवं बाई, सुलभा गेली म्हणतेत! काय झालं वं तिले? परवा तर बोलली मायासंगं. लिंबाच्या लोणच्याचं विचारून राहिली होती..." मला आधी काही कळेचना. तुझ्या उशाशी दिवा लावायचा म्हणून मी तेल शोधत होते, बाटली हातातच होती. मी म्हटलं, "प्रमिला, मी सुलभाच बोलून राहिली."

पलीकडचं रडणं थांबलं. मग नाक ओढत, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "मंग मेलं कोण?"

मला हसू आलं, वहिनी. तुला सांगायला मी मागे वळलेसुद्धा. ही गोष्ट तू वर्षभर पुरवली असतीस, प्रमिलाचा आवाज काढून, दर वेळी त्यात थोडी भर घालून. तू चादरीखाली होतीस आणि दादा तुझ्या पायांशी खुर्ची ओढून बसला होता. माझ्या चेहऱ्यावरचं हसू पाहून तो गोंधळला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

चूक कुणाचीच नव्हती. तुझ्या शाळेतल्या बायकांनी त्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, हमारी सुलभा मैडम नहीं रहीं. सोबत फोटो नव्हता. तिथून ते मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेलं, आणि चहा होईस्तोवर नागपूर, वर्धा, अकोला. शाळेत तू सुलभा मॅडम होतीस, कारण सर्टिफिकेटांवर तेच नाव होतं. घरात आणि नात्यात तू माधवी. सुलभा बोरकर म्हटलं की आपल्या माणसांना एकच बाई आठवते, दादाची बिनलग्नाची बहीण, कॉलेजच्या लायब्ररीतली. निनादनं मग घाईघाईनं दुसरा मेसेज टाकला. तुझा मुलगा मराठी सगळं समजतो आणि लिहितो हिंदीत, तुला माहीतच आहे. "सुलभा आत्या बिल्कुल ठीक हैं. निधन मेरी मम्मी का हुआ है, माधवी बोरकर." त्याखाली नमस्कारांची रांग लागली. कुणीतरी "थँक गॉड" लिहिलं आणि मग पुसलं. पण निनादनं ते वाचलं होतं. मोबाईल माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "आत्या, देखो ना, क्या लिख रहे हैं लोग." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून एक गोष्ट मनात अडकून बसली. तुझं नाव आम्ही एकदा तांदळात काढून घेतलं होतं. आता तू गेल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली दुसऱ्यांदा काढून घेतलं. आणि दहाव्याला घाटावर एकदा शेवटचं तुझं नाव घेतलं जाणार होतं. तिथं कोणतं घ्यायचं?

तांदळाचं ताट मला अजून दिसतं. तात्यापाऱ्यातलं ते भाड्याचं घर, खाली कापडाचं दुकान, वर आपण. लग्न लावून तुला अमरावतीहून आणलं होतं, माप ओलांडून झालं होतं, आणि पाटावर तू आणि दादा बसला होतात. आपल्यात नवरीचं नाव बदलायची हौस पुष्कळांना असते, पण तुझं बदललं ते हौसेनं नाही. घरात एक सुलभा आधीच होती. लेकही सुलभा, सूनही सुलभा, आडनावही तेच. जगाला काय सांगायचं, असं आईचं म्हणणं. हे तुझ्या वडिलांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी तुला सांगितलं नव्हतं.

दादानं अंगठीनं तांदळात रेघ ओढली. मी तुझ्या मागे उभी होते, कॉलेजात नुकतीच जायला लागलेली. पुढे कितीतरी वर्षांनी भाजी निवडताना तू मला सांगितलंस, "त्यांनी पहिले म काढला नं, तर मले वाटलं पोट्टा घाबरला, चुकून राहिला. कोपरानं ढोसू का म्हणून पाहत होती मी." हे सांगताना तू इतकी हसलीस की मलाही हसावं लागलं. पण त्या दिवशी तू हसली नव्हतीस. ताटात 'माधवी' पुरं झालं, बायकांनी वाचलं, साखर वाटली. आईनं तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे काई जन्माचं नाही बाई. आमची सुलभा उजवून सासरी गेली का तू तुयं नाव घे परत. दोन वर्साची तर गोष्ट."

सगळ्या हसल्या. मी लाजून आत पळाले.

आणि मी उजवून गेलेच नाही.

मला तू कधी नावानं हाक मारली नाहीस. वयानं मी लहान, तरी तू मला ताई म्हणायचीस. मी तुला वहिनी म्हणायची. दोघींनी मिळून ते नाव असं बाजूला ठेवलं होतं, जसं एखादं चांगलं भांडं कुणीच वापरायला काढत नाही.

मग ते पुस्तक आलं. आमच्या लायब्ररीत रद्दीत काढायच्या पुस्तकांचा ढीग होता, त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, मुखपृष्ठ गेलेलं. ग्रीक पुराणकथांमधली माणसं, अकारविल्हे. तुझ्या शाळेत इंग्रजी शिकवायला उपयोगी पडेल म्हणून मी ते घरी आणलं. तू पहिल्या आठवड्यात देव आणि वीर वाचून टाकलेस आणि पुन्हा त्यांच्याकडे वळली नाहीस. "त्यांचं करणारे बहुत लोक आहेत," म्हणालीस. तू थांबायचीस ती एकाच नावाखाली चार-पाच माणसं दाटीनं उभी असायची तिथं. एक कुठल्याशा राजाची मुलगी, एक कुणाची दासी, एक नदीकाठची अप्सरा, एक नुसता भाल्यानं मारला गेलेला. त्याच्याबद्दल तेवढंच ठाऊक. कुणी त्याला मारलं नसतं तर त्याचं नावही उरलं नसतं.

पहिली मला आठवते ती क्लायमेनी. ट्रॉयच्या युद्धाच्या मोठ्या काव्यात हेलनच्या मागे चालणारी दासी. हेलन तटावर जाते, तिच्या मागे ही. एका ओळीत येते, टपोऱ्या डोळ्यांची एवढं कळतं, आणि संपते. त्याच नावाची एक सागरकन्या आहे, सूर्यापासून तिला मुलगा झाला. त्याच नावाची क्रीटच्या राजाची मुलगी आहे, तिला बापानं परदेशात विकायला काढलं. तू पोळ्या लाटता लाटता सांगत होतीस. "पाह्य नं ताई. एकीच्या वाट्याले सूर्य आला, एकीच्या वाट्याले नुसते डोळे. पण दासी आहे म्हणून कोणी तिले म्हटलं का, की सागराच्या पोरीचं नाव आहे हे, तू दुसरं घे?"

मी ताटं घेत होते. ऐकलं, आणि मान वर केली नाही.

मंडळाच्या वार्षिक अंकात तू या माणसांवर लिहायला लागलीस. छोटे लेख, दर वर्षी एक नाव. कुणी वाचत नसे हे तुलाही ठाऊक होतं. संपादक घरी येऊन चहा पिताना म्हणायचे, "मॅडम, या खेपेला थोडं आपल्याकडलं लिहा नं. भुलाबाईवर लिहा." तू म्हणायचीस, "लिहिते नं भाऊ. पण भुलाबाईले कोणी विसरलं नाही अजून. हे पोट्टे पहा, यांच्या मागं कोणीच नाही." संपादक माझ्याकडे पाहायचे. मी चहाचा कप उचलायची. ते लेख मी छापायच्या आधी वाचायची, आणि आपलं भांडण तिथं सुरू व्हायचं.

भांडण क्रमांकांचं होतं. माझी सवय लायब्ररीची. एका नावाचे दोन लेखक असले तर नावापुढे जन्मसाल लिहायचं. साल माहीत नसेल तर व्यवसाय. मी म्हणायची, तू निदान एक, दोन, तीन असे आकडे घाल, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. तू ऐकायची नाहीस. एकदा चिडून मी म्हटलं, "त्यात काय आहे एवढं? जी आधी आली ती एक."

तू चष्मा काढलास. "बरं. आपल्या दोघींची कार्डं करशील तर मायापुढे काय लावशील?"

"शिक्षिका."

"अन् तुयापुढे?"

"ग्रंथपाल."

"एकाच पेटीत? मागं-पुढं?"

"हो."

"पुढं कोण?"

मी क्षणभर विचार केला. ग आधी, श नंतर. "मी," म्हटलं.

"म्हणजे तिथंबी तूच पुढं," तू म्हणालीस आणि खो खो हसत सुटलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दादा बाहेरून ओरडला, "काय झालं?" तू म्हणालीस, "काही नाही, तुमच्या बहिणीनं मले पेटीत घातलं." मी पण हसले. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय गोडीनं राहतात या नणंद-भावजया. राहत होतोच की. ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर मी आकड्यांचं पुन्हा काढलं नाही, आणि का काढलं नाही हे आपण दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

भिलाईचं स्थळ आलं तो दिवस मला आज लिहायचा आहे, कारण तो मी तुझ्यापाशी कधी बोलले नाही. मुलगा चांगला होता. मी नाही म्हटलं. त्याच्या आधीही दोन-तीनदा म्हटलं होतं, पण या वेळी आईचा धीर सुटला. ती पलंगावर बसून रडत होती, मी मधल्या दारामागे उभी. मला लग्न नको होतं, यापलीकडे माझ्याजवळ कारण नव्हतं, आणि त्या काळी ते कारण पुरत नसे. तू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आलीस.

"आई, तिले नाही करायचं तर नका करू नं. काय घाई आहे?"

"घाई नाही?" आई म्हणाली. "अवं, तुयं नावबी अडकून पडलं तिच्यापायी!"

"मायं नाव? ते शाळेत आहे नं. रोज तिथं ठेवून येते मी. सुखरूप आहे, तुम्ही त्याची काळजी नका करू."

आई रडता रडता थांबली. दादानं पेपर खाली घेतला. त्या घरात माझं लग्न होण्यात कुणाचा फायदा असेल तर तो तुझा होता, आणि ते मोडलंस तूच. आई त्यानंतर स्थळांचं बोलली नाही असं नाही, पण तिचा जोर गेला. पुढचं सगळं आयुष्य मी मला हवं तसं जगले, पुस्तकांत, माझ्या खोलीत, तुझ्या हातचं खात. त्याची सुरुवात त्या दुपारी झाली. दारामागून बाहेर यावं आणि तुला काहीतरी म्हणावं असं मला वाटलं होतं. मी बाहेर आले तेव्हा तू पुन्हा पोळ्यांना लागली होतीस. मी पाट सरकवून बसले आणि तू लाटलेल्या पोळ्या भाजायला घेतल्या. तेवढंच.

माधवी हे नाव तुझं झालं होतं का, वहिनी? एवढ्या वर्षांत ते अंगाला लागलं होतं का? की रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत जाताना तुला बरं वाटायचं? मी विचारलं नाही. तू रिटायर झालीस त्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन घरी आलीस, नारळ देवापाशी ठेवलास आणि बराच वेळ बाल्कनीत उभी राहिलीस. आपण तेव्हा तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मला वाटलं, शाळेची आठवण येत असेल. आज हे लिहिताना लक्षात येतंय की त्या दिवसानंतर सुलभा म्हणून तुला हाक मारणारं रोजचं कुणी उरलं नाही. कधीमधी बाजारात एखादी जुनी विद्यार्थिनी भेटायची, "अरे, सुलभा मैडम!" म्हणून पाया पडायची. तू तिच्याशी गरजेपेक्षा जास्त वेळ बोलत राहायचीस. मी पिशव्या घेऊन उभी, मनात वैतागलेली.

शेवटचं भांडण घराजवळच्या तेलीबांध्याच्या तळ्यावर झालं. सकाळी तळ्याला चक्कर मारायची आपली सवय; बाकी लोक हात हलवत भरभर पुढे जायचे आणि आपण दोघी वाद घालत मागे राहायचो. या वर्षीच्या अंकासाठी तू क्रेऊसा घेतली होतीस. पहिल्या दोघींचं लिहून झालं होतं. अथेन्सची क्रेऊसा, जिनं तान्हं मूल गुहेत सोडलं आणि ते मोठं होऊन समोर आल्यावर ओळखलं नाही. कोरिंथची क्रेऊसा, नवरी, जिला सवतीनं पाठवलेला लग्नाचा शालू अंगावर जळाला. तिला काही जण ग्लाउकीही म्हणतात. "हिची तर दोन नावं," तू म्हणालीस. "संसार एक दिवसाचा नाही झाला, पण नावं दोन."

तिसरी ट्रॉयची. शहर जळत असतं. नवरा म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, पोराला हाताशी धरतो, आणि बायकोला सांगतो, तू मागून ये. वेशीबाहेर पोचल्यावर तो वळून पाहतो, तर ती नाही. मग तो परत आत जातो आणि रस्त्यारस्त्यानं तिच्या नावानं हाका मारत फिरतो.

मी म्हटलं, "बाप खांद्यावर, पोरगा हाताशी, अन् बायको मागं. मग हाका मारून काय फायदा?"

"मारल्या नं पण."

"ऐकायला ती होती कुठं?"

"ऐकायला नसन. पण सगळ्या गावानं तर ऐकलं, की ही कोणी होती अन् हिचं नाव हे होतं. नाहीतर कोणाले माहीत असतं आज?"

मी म्हटलं की क्रेऊसा या शब्दाचा अर्थच मुळी राणी, राजघराण्यातली. सांगणाऱ्याला खरं नाव ठाऊक नसलं की तो हे नाव चिकटवून देत असेल. म्हणजे त्याच्या हाकाही एका उसन्या नावाच्या. मला वाटलं, माझा मुद्दा बिनतोड आहे. तू थांबलीस, कठड्याला हात टेकलास, धाप लागली होती तुला. "उसनं असो," म्हणालीस. "वापरलं का मग आपलंच होते. उद्या सांगते तुले यावर. आज दम लागून राहिला."

तो उद्या आला नाही. दुपारी छातीत दुखायला लागलं, आणि पुढचे थोडे दिवस आपण जे बोललो ते औषधांचं आणि उशीच्या उंचीचं.

आता हे कुणाशी बोलू? निनाद गावाबाहेर उरल्याच्या कारखानावस्तीतल्या मिलमध्ये जातो, संध्याकाळी धूळ घेऊन परत येतो, "आत्या, खाना खाया?" विचारतो. चांगला मुलगा आहे. दादा टीव्ही लावतो आणि आवाज बंद ठेवतो. दोन वेळा मी तळ्यावर जाऊन आले. एकटं चाललं की चक्कर फार लवकर संपते. या लाखोंच्या गावात क्रेऊसा म्हटल्यावर ज्याला काही वाटेल असं माणूस मला ठाऊक नाही. एकदा तर मी भाजी घेताना मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होते आणि भाजीवाली म्हणाली, "दीदी, का होगे? पइसा दे डारे हव." मी तिला दुसऱ्यांदा पैसे देत होते.

दहाव्याला आम्ही महादेव घाटावर गेलो. खारून नदीला पाणी बेताचं होतं. वर्ध्याहून प्रमिला आली होती. मी जिवंत आहे याची खात्री करायला असेल, सारखी माझ्या दंडाला हात लावत होती. विधी निनादच्या हातून होते. गुरुजींनी पिंड मांडले, दर्भ दिला आणि विचारलं, "माताजी का नाम?"

निनाद म्हणाला, "आधार में सुलभा है. घर में माधवी."

"जिस नाम से घर में पुकारते थे, वही बोलिए," गुरुजी म्हणाले आणि दादाकडे पाहिलं.

दादाचे ओठ हलले पण आवाज आला नाही. मला तेव्हा कळलं, की त्याच्याजवळ सांगायला नावच नाही. आयुष्यभर त्यानं तुला 'अवं' म्हटलं, 'ऐकून राहिली का' म्हटलं, 'निनादची आई' म्हटलं. तांदळात जे नाव त्यानं स्वतः कोरलं, ते त्यानं एकदाही उच्चारलेलं मी ऐकलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सुलभा," मी म्हटलं.

प्रमिलानं माझा दंड सोडला. "अवं, काय करून राहिली तू? नाव तेच, आडनाव तेच. लग्न नाही केलं तं तुयं गोत्रबी तेच. पिंड कोणाले लागन मग? जित्या बाईच्या नावानं पिंड ठेवतेत काय कोणी?"

खरं सांगते, मी एक पायरी मागे सरकले. मी या गोष्टी मानत नाही असं तुला कितीदा ठासून सांगितलं होतं. पण भाताचा तो गोळा समोर होता, नदी समोर होती, आणि माझं नाव आणि माझं गोत्र गुरुजींच्या ओठांवर येण्याची वाट पाहत होतं. गुरुजींनाही आता अडचण कळली. "ये दीदी का भी यही नाम है?" त्यांनी निनादला विचारलं. मग समजुतीनं म्हणाले, "कोई बात नहीं. पति का नाम साथ में जोड़ देते हैं. नहीं तो माधवी ही चलने दीजिए. शास्त्र में दोष नहीं है."

मी तुझ्याबद्दल विचार केला. तुला हे हवं असेल का? कदाचित नसेलही. माधवीची सवय झालेली बाई असशील तू, आणि मी माझ्या मनाचं ओझं उतरवायला तुझ्या नावाची ढवळाढवळ करत असेन. हे मला तेव्हाही कळत होतं, आताही कळतं. पण आईनं भरल्या घरात शब्द दिला होता, आणि आई नाही, तू नाहीस, तो शब्द ऐकलेल्यांपैकी तिथं दादा आणि मी दोघेच होतो.

"काही जोडू नका," मी म्हटलं. "नुसतं सुलभा."

"दीदी, सोच लीजिए," गुरुजी म्हणाले.

"तिचं नाव आहे ते," दादा म्हणाला. दहा दिवसांत त्यानं बोललेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं. "तिच्या बापानं ठेवलेलं."

प्रमिला तोंडाला पदर लावून दोन पायऱ्या वर जाऊन उभी राहिली. निनादनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यानं ओंजळ पुढे केली. गुरुजींनी घसा साफ केला. गोत्र उच्चारलं. मग तुला हाक मारली, संस्कृतात मारतात तशी, लांबवून: "सुलभे..."

तशी हाक मला फक्त आई मारायची, आणि ती मारली की घरात जिथं असेन तिथून उत्तर जायचंच.

"ओ," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांना ऐकू गेलं. गुरुजी मंत्राच्या मध्येच थांबले. निनादच्या ओंजळीतून पाणी गळत होतं. दादानं माझा हात धरला आणि म्हणाला, "होऊ द्या गुरुजी. ती आली."